कॅमेऱ्याला मनाई, फोनला मोकळीक: मुंबईतल्या सभागृहांना आणि आयोजकांना खुलं पत्र

मुंबई आणि उपनगरांतल्या सभागृहांचे व्यवस्थापक, संगीत मंडळांचे पदाधिकारी आणि कार्यक्रमांचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मैफलींचे फोटो काढते. तो माझा व्यवसाय नाही. दिवसा फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाचं काम करते आणि संध्याकाळी जिथे गाणं असेल तिथे तिकीट काढून जाते. गिरगावचा साहित्य संघ, प्रभादेवीचं रवींद्र, पार्ल्याचं दीनानाथ, सायनचं षण्मुखानंद, नरिमन पॉइंटचं टाटा थिएटर अशा सगळ्या ठिकाणी वर्षानुवर्षं बसले आहे. कुठल्या रांगेतून पेटीवाल्याची बोटं दिसतात आणि कुठून फक्त माइकचा दांडा दिसतो, हे मला पाठ आहे.

हे पत्र लिहायला लागलं, कारण गेल्या काही काळात दारादारांवर 'कॅमेरा आत नेण्यास सक्त मनाई' अशा पाट्या लागल्या आहेत आणि आता परवानगी मागायलाही जागा उरलेली नाही. पूर्वी आयोजकांना फोन करायचा, मध्यस्थामार्फत कलाकाराला विचारायचं, फ्लॅश वापरणार नाही असा शब्द द्यायचा, एवढ्यावर काम होत असे. आता आयोजक म्हणतात नियम सभागृहाचा आहे. सभागृहाचं ऑफिस म्हणतं आयोजकांचं पत्र आणा. पत्र आणलं, तर दारावरच्या माणसाला त्याबद्दल कुणीच काही सांगितलेलं नसतं. कोणत्या सभागृहात काय घडलं ते मी नावानिशी लिहीत नाही, कारण प्रश्न एकाच दाराचा राहिलेला नाही.

दारावर काय होतं ते मात्र तुम्ही एकदा उभं राहून पाहावं. बॅग उघडली जाते. डबा, छत्री, पाण्याची बाटली बाजूला होते आणि कॅमेरा वर येतो. "मॅडम, हा अलाउड नाही." मग ठेवायचा कुठे? टेबलाखाली एक प्लास्टिकचा क्रेट असतो. त्यात हेल्मेटं, बाटल्या, कुणाचा तरी सेल्फी स्टिक. पावती नाही, टोकन नाही, आणि भिंतीवर 'सामान मालकाच्या जबाबदारीवर'. माझ्या कॅमेऱ्याची आणि लेन्सची किंमत माझ्या काही महिन्यांच्या पगाराएवढी आहे. एका संध्याकाळी मी तो क्रेटमध्ये ठेवायला नकार दिला आणि तिथल्या पर्यवेक्षकाला शोधत बसले. आत बडा ख्याल, म्हणजे संथ (विलंबित) लयीतलं मुख्य गाणं, सुरू झाला होता. बंद दाराआडून तबल्याचा ठेका तेवढा ऐकू येत होता. ज्या गायिकेसाठी ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकून आले होते, तिचं विलंबित मी पोर्चमध्ये उभी राहून घालवलं. रक्षकावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं तेच तो करत होता. माझी तक्रार त्याला अर्धवट सांगणाऱ्यांकडे आहे.

आणि शेवटी आत गेले, तेव्हा तिथे काय चालू होतं? माझ्या पुढच्या रांगेत एका गृहस्थांनी फोन डोक्याच्या वर धरला होता, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला, आणि मागच्या तीन रांगांना गायिकेच्या जागी एक चमकता चौकोन दिसत होता. डावीकडे कुणीतरी फेसबुकवर थेट प्रक्षेपण करत होतं. द्रुत, म्हणजे जलद लयीतला भाग, सुरू होताना बाल्कनीतून फोनचा फ्लॅश उडाला, बहुधा चुकून. त्यांना कुणीही हटकलं नाही. ही माझी मुख्य तक्रार आहे. आजच्या काही चांगल्या फोनमध्ये 200 मेगापिक्सेलचा सेन्सर असतो, तो 8के व्हिडिओ घेतो आणि दहापट झूम करतो. ध्वनिमुद्रण तर अख्ख्या मैफलीचं होतं. पायरसीची भीती असेल, तर ती फोनची धरायला हवी. उजेडाचा त्रास असेल, तर तोही फोनचाच आहे. माझा कॅमेरा मी डोळ्याला लावते. मागचा स्क्रीन बंद असतो, फोकसला मदत करणारा लाल दिवा बंद केलेला असतो, शटर इलेक्ट्रॉनिक असल्याने आवाज शून्य. शेजारी बसलेल्या बाईंना मध्यंतरापर्यंत कळतही नाही की मी फोटो काढले. तुमच्या नियमात बसत नाही तो हा कॅमेरा, आणि बसतो तो डोक्यावर धरलेला फोन.

'प्रोफेशनल कॅमेरा चालणार नाही' असं तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं, आणि तेही बहुधा पैसे भरल्यानंतर वाचायला मिळतं. प्रोफेशनल म्हणजे काय? एका दारावर मला विचारलं, "लेन्स निघते का?" निघत असेल तर प्रोफेशनल. दुसऱ्या दारावर आकार बघितला गेला. तिसऱ्या दारावर माझा छोटा, खिशात मावणारा, लेन्स न निघणारा कॅमेराही अडवला, कारण तो 'कॅमेरा' होता. पोटासाठी फोटो काढणारा व्यावसायिक एखाद्या दिवशी साधा कॅमेरा घेऊन येतो, आणि माझ्यासारखी हौशी बाई पैसे साठवून चांगली वस्तू घेते. वस्तूवरून माणसाचा हेतू ठरवता येत नाही.

तुमच्या काळज्या मला ठाऊक आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. एका काळी फोटोग्राफर म्हणजे मंचासमोर वाकून धावणारा, दर मिनिटाला फ्लॅश उडवणारा, आत आरसा हलणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याचा खटखटाट करणारा माणूस होता. अतिशय नाजूक जागी तो खटका वाजला की श्रोत्याचंही चित्त उडतं, गाणाऱ्याचं तर विचारायलाच नको. गायिका किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीत तर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असायची, कारण त्यांना व्यत्यय खपत नसे, आणि ते योग्यच होतं. ज्या कलाकाराला फोटो नको असेल, त्याचा शब्द अखेरचा. त्यावर माझा वाद नाही. मग तो शब्द सभागृहातल्या प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक खिशातल्या वस्तूला लागू करा. परदेशांत काही कलाकार कार्यक्रमाआधी प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत घालायला लावतात. अमेरिकन गायक बॉब डिलन यांच्या अलीकडच्या दौऱ्यांत तसंच होत आलं आहे. ती पद्धत कडक असली तरी सरळ आहे.

काही आयोजकांनी मधला मार्ग काढला आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तो हेतूने चांगला आणि प्रत्यक्षात उलटा आहे. 'पहिली दहा मिनिटं फोटो काढा, नंतर कॅमेरे बंद.' ही कल्पना रॉक-पॉपच्या कार्यक्रमांतून आली. तिथे छायाचित्रकारांना पहिली तीन गाणी, फ्लॅशशिवाय, असा जुना रिवाज आहे. तिथे तो चालतो, कारण पहिल्या गाण्यापासून ढोल आणि दिवे जोरात असतात. ख्यालाच्या मैफलीत पहिली दहा मिनिटं म्हणजे काय? तंबोरे नुकतेच लागलेले, गवई षड्ज शोधतोय, आलापीचा, म्हणजे रागाच्या संथ विस्ताराचा, एकेक स्वर ठेवतोय, श्रोते अजून खुर्चीत स्थिरावतायत. त्या वेळी मंचाभोवती सगळे कॅमेरे सोडायचे आणि पुढे, तराणा रंगात आला, तबल्याची लय चढली, टाळ्यांच्या गजरात एक खटका कुणाला ऐकूही येणार नाही अशा वेळी ते बंद करायचे! मला विचाराल, तर आलापीच्या वेळी एकही फोटो नको, निःशब्द शटरचासुद्धा. वाद्यं लावताना घ्या, द्रुतात घ्या, तबल्याच्या स्वतंत्र वादनात घ्या, शेवटच्या भैरवीनंतर घ्या. कव्वालीचा, लावणीचा, जॅझचा नियम आणखी वेगळा असेल. गाणं कसं उलगडतं हे ज्याला कळतं त्याच्याकडून नियम लिहून घ्या.

दुसरं असं की मनाई करणारेच आपल्या माणसांना मोकळं सोडतात. मोठ्या कार्यक्रमांत क्रेनवरचा व्हिडिओ कॅमेरा श्रोत्यांच्या डोक्यावरून फिरत असतो, आयोजकांचा छायाचित्रकार मंचाच्या कडेने चालत असतो. त्यांचं काम मी समजते. पण त्यांना सांगितलेलं काम बहुतेक वेळा दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रायोजकांचा फलक एवढंच असतं. ते झालं की छायाचित्रकार बाहेर चहाला जातो. दुसऱ्या दिवशी जो फोटो छापून येतो त्यात पाहुणे असतात, गायिका असते, आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या दोन शिष्या कापून टाकलेल्या असतात.

मला ज्यांची खरी काळजी आहे ती ही मागची माणसं. तंबोऱ्यावरच्या मुली, पेटीवाले, टाळ धरणारे, तबलजी. मुख्य कलाकाराचे फोटो कुणीतरी काढतंच. साथीदाराचे कोण काढणार? मी काढलेले फोटो कुणाला विकत नाही. कार्यक्रमानंतर नंबर मागते आणि पाठवून देते. एका तरुण पेटीवादकाने परदेशातल्या कार्यक्रमासाठी व्हिसाचा अर्ज केला, तेव्हा तो खरोखर मैफली वाजवतो याचा पुरावा म्हणून कागदपत्रांना जे फोटो जोडले, त्यातले बहुतेक माझे होते. त्याच्याकडे दुसरे नव्हतेच. त्याच्या घरच्यांनी फोनवर घेतलेल्या फोटोंत तो गायकाच्या मागे एक पिवळसर ठिपका होता, कारण फोनचा कॅमेरा मंचाच्या मध्यावरचा उजेड मोजतो आणि कडेचा माणूस अंधारात घालवतो. मी त्याच्या बाजूने बसून, त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड मोजून, तो भाता ओढताना गायकाकडे मान वळवून बघतो तो क्षण घेतला होता. असं करता येतं म्हणून मी कॅमेरा आणते. फोन आहे ना, मग कॅमेरा कशाला, असं मला दारावर विचारतात. माझं उत्तर हे आहे.

या शहराने आपल्या संगीताचं काय जपलं, याकडे एकदा पाहा. थोर गायक भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज आपल्याकडे नाही. आहेत ते त्यांच्या शिष्यांच्या आठवणी आणि मोजके फोटो. गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती सावध होत्या, हे जुने रसिक अजून सांगतात. गिरगावात लक्ष्मीबागेत आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत कोण कोण गाऊन गेलं याच्या कथा मी माझ्या आजीकडून ऐकल्या. त्या बैठकांचे फोटो शोधायला गेले तेव्हा जे हाती आलं ते फार थोडं होतं, आणि त्यातलं बरंचसं कुणा हौशी श्रोत्याने स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेलं, घरच्या अल्बममध्ये राहिलेलं. धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात 1978 पासून जॅझ यात्रा हा महोत्सव होत असे. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले आणि त्या मोकळ्या आवारात बसून गाणं ऐकणं काय होतं हे आता फोटोंतूनच कळतं. संस्थांनी आपलं दफ्तर नीट ठेवलं असतं, तर मी हौशी माणसांची बाजू इतकी मांडली नसती. त्यांनी ते ठेवलेलं नाही.

छायाचित्रकार दयानिता सिंग यांचा प्रसंग अनेकांना माहीत असेल. त्या विद्यार्थिनी असताना तबलावादक झाकीर हुसेन यांच्या कार्यक्रमात फोटो काढायला गेल्या. आयोजकांच्या माणसाने त्यांना अडवलं, त्या गडबडीत त्या पडल्या. त्यांनी थेट झाकीरभाईंकडेच दाद मागितली, आणि त्या माहीमच्या मोठ्या मनाच्या माणसाने त्यांना आपले फोटो काढू दिले. पुढे काही वर्षं त्या त्यांच्याबरोबर मैफलींना फिरल्या. त्यातून 1986 मध्ये दयानितांचं पहिलं पुस्तक झालं, आणि 2022 मध्ये छायाचित्रणातला मानाचा हासेलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. 15 डिसेंबर 2024 रोजी झाकीरभाई गेले, तेव्हा या शहराला त्यांचं तरुणपण पाहायला मिळालं ते अशा कामामुळे. त्या दिवशी कलाकाराने ऐकलं म्हणून हे झालं. आज तुमच्या दारावरून कलाकारापर्यंत पोचायचा रस्ताच नाही.

कायद्याचंही थोडं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली कलाकारांचे हक्क आले आणि 2012 च्या दुरुस्तीने ते आणखी भक्कम झाले. त्या हक्कांचा मी आदर करते. ते हक्क कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाबद्दल आणि हलत्या चित्रांच्या मुद्रणाबद्दल बोलतात. त्याच कायद्याचं कलम 39 स्वतःच्या खासगी वापरासाठी आणि प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं मुद्रण हक्कभंग मानत नाही. तुमच्या जागेत तुम्हाला अटी घालायचा अधिकार आहे, हे मी नाकारत नाही. पण 'कायद्याने बंदी आहे' असं दारावर सांगितलं जातं, ते बरोबर नाही. ती तुमची अट आहे, आणि म्हणूनच ती बदलणं तुमच्या हातात आहे.

या मनाईमुळे कॅमेरे थांबलेले नाहीत, हेही तुम्हाला कळायला हवं. लेन्स ओढणीत गुंडाळून, कॅमेरा डब्याच्या पिशवीत पोळ्यांच्या खाली घालून आत नेणारी माणसं मला माहीत आहेत. मला स्वतःला हे करायचं नाही. ज्या गाण्यापुढे चप्पल काढून बसायचं, तिथे खोटं बोलून आत शिरणं मला पटत नाही. पण याचा परिणाम बघा: लपवून आणणारा आत बसून फोटो काढतो, आणि परवानगी मागणारी बाहेर थांबते. शिवाय लपवून आणलेल्या कॅमेऱ्यावर कोणतीच शिस्त राहत नाही. उघडपणे आत सोडलेल्या माणसाकडून फ्लॅश बंद, आवाज बंद, जागेवरून उठणं बंद, एवढं तरी लिहून घेता येतं.

तेव्हा माझ्या मागण्या.

नियम तिकीट काढण्याआधी दिसला पाहिजे, मराठीत आणि स्पष्ट शब्दांत. 'प्रोफेशनल' हा शब्द काढून टाका. त्याऐवजी काय चालणार नाही ते लिहा: फ्लॅश, शटरचा आवाज, चालू स्क्रीनचा उजेड, जागेवरून उठणं, व्हिडिओ आणि ध्वनिमुद्रण. हे फोनलाही लागू असू द्या, आणि लागू असेल तर ते पाळलं जातं का हे पाहायला आत एक माणूस ठेवा. नाटकवाल्यांनी फोनबद्दल इतकी वर्षं तक्रार केली आहे, संगीतवाल्यांना ती वेगळी सांगायला नको.

कलाकाराची इच्छा आधी विचारून तिकिटाबरोबर जाहीर करा. नको म्हणाले तर सगळ्यांना नको. हो म्हणाले तर कोणत्या भागात हो, ते त्यांनाच ठरवू द्या.

कडेच्या किंवा मागच्या रांगेतल्या काही खुर्च्या आधी अर्ज करून मिळणाऱ्या कॅमेऱ्याच्या जागा म्हणून ठेवा. तिकिटाचे पूर्ण पैसे घ्या. बदल्यात काढलेल्या निवडक फोटोंच्या प्रती कलाकारांना आणि साथीदारांना मिळतील अशी अट घाला, साथीदारांच्या नावांसकट. मी ही अट आनंदाने मान्य करीन, आणि माझ्या ओळखीचे इतरही करतील. एखाद्याने मोडली, तर त्याला पुढच्या वेळी जागा देऊ नका.

मनाई ठेवायचीच असेल, तर वस्तू ठेवायला कुलूपाची जागा आणि हातात पावती द्या. ते जमत नसेल, तर दारावरून परत जाणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत करा. सुरक्षारक्षकाला त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा नियम लेखी द्या आणि वाद झाला तर निर्णय घेऊ शकेल असा एक अधिकारी पहिली घंटा होईपर्यंत फॉयरमध्ये उभा करा. आज तिथे कुणीच नसतं.

यंदाच्या हिवाळ्यातले कार्यक्रम जाहीर होऊ लागले आहेत. हे बदल एका हंगामापुरते, एका सभागृहात, एका मंडळाने करून पाहावेत. त्यासाठी नियमाचा मसुदा लिहून द्यायला, कॅमेऱ्यांची तपासणी कशी करायची हे तुमच्या कर्मचाऱ्यांना दाखवायला आणि पहिल्या काही कार्यक्रमांना स्वतः दारावर उभं राहायला मी तयार आहे, कसलंही मानधन न घेता. उत्तर मला वेगळं पाठवायची गरज नाही. ते तुमच्या सूचनाफलकावर लावा, म्हणजे माझ्यासारख्या इतरांनाही वाचता येईल.

आपली,
एक तिकीटधारक श्रोती आणि हौशी छायाचित्रकार
दादर, मुंबई